छपरावरच्या अदृश्य पाकळ्या

तंजावरच्या एका मराठी घरात आजोबांचा गंजका अँटेना, नातीची परीक्षा आणि सुनेची काळजी यांची गाठ पडली, त्याची ही हकीकत.

“आलं का?”

“थोडं डावीकडं!”

“आता?”

“आलं, आलं... थांब, हात काढ... गेलं!”

वाचकहो, चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही हा संवाद कुठला ते सांगावं लागणार नाही. एकजण गच्चीवर अँटेनाची नळी धरून उभा, दुसरा जिन्यात निरोप्या आणि बाकीचं घर टीव्हीच्या पडद्यावरच्या मुंग्यांकडे डोळे लावून बसलेलं. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकावं लागे. आपण त्या वेळी एक शास्त्रीय मोजमाप करत होतो, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही. मला ते कळलं फार उशिरा, आणि तेही पुण्या-मुंबईत नव्हे, तर थेट तंजावरात.

सरस्वती महाल ग्रंथालयातली मोडी कागदपत्रं पाहायला म्हणून मी तिथं गेले होते. उतरले होते एका मराठी कुटुंबात. १६७५ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारले आणि भोसल्यांचं राज्य संपलं. पण राज्याबरोबर आलेली घरं तिथंच राहिली, आणि त्यांतली कितीतरी घरं आजही आपसांत मराठी बोलतात. त्या मराठीला तीनशे वर्षांचा आणि तमिळचा असा दुहेरी रंग आहे. तो मला कागदावर उतरवता यायचा नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी आपल्या इकडच्या मराठीतच देते.

घर मेडिकल कॉलेज रोडच्या बाजूला, दुमजली. गच्चीवरून लांबवर मोठ्या देवळाचं शिखर दिसतं. आजोबा ऐंशीच्या घरातले, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सून शाळेत शिक्षिका. नात इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आणि तिचा धाकटा भाऊ जेमतेम चार वर्षांचा. पहिल्याच संध्याकाळी पाहते तर नात वही उघडून बसलेली आणि पानभर गोल गोल आकृत्या. कुठं फुलासारख्या पाकळ्या, कुठं नुसतं वर्तुळ. मला वाटलं, ही कोलमचे नमुने उतरवतेय!

“कोलम नाही हो मावशी, परीक्षा आहे,” ती वैतागून म्हणाली. “आकृती दिली आहे, अँटेना कुठला ते ओळखायचं. सहापैकी तीन चुकले माझे.”

आजोबांनी चष्मा लावून वही हातात घेतली. एका आकृतीवर बोट ठेवलं. “हा आपल्या गच्चीवरचा,” ते म्हणाले. “पुढं भरपूर, मागं जरासं, बाजूला काही नाही. फिरवताना असंच यायचं.”

उत्तर बरोबर होतं!

मेदूवडा आणि मनोरा

या आकृत्यांना इंजिनीअर मंडळी ‘रेडिएशन पॅटर्न’ म्हणतात. अँटेना कुठल्या दिशेला किती जोरानं लहरी पाठवतो, याचा हा नकाशा. मध्यबिंदूवर अँटेना आहे असं समजायचं. ज्या दिशेला लहरी जास्त, तिकडे रेघ मध्यापासून लांब; जिकडे कमी, तिकडे जवळ. अशा रेघांची टोकं जोडली की पाकळ्या तयार होतात. गंमत अशी, की अँटेना लहरी पाठवतो त्या दिशांनाच तो त्या चांगल्या ऐकतोही. म्हणजे पाठवण्याचा नकाशा आणि ऐकण्याचा नकाशा एकच. म्हणूनच गच्चीवर काठी फिरवणारा मुलगा आणि खाली “आलं, गेलं” ओरडणारी बहीण मिळून हाच नकाशा काढत होती, फक्त कागदावर उतरवत नव्हती. प्रयोगशाळेत हेच काम स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेल्या बंद खोलीत फिरत्या तबकडीवर करतात. भिंतीवरून लहरी परतून घोटाळा होऊ नये, म्हणून ते सुळके.

सगळ्यांत साधा अँटेना म्हणजे सरळ उभी दांडी, मधोमध तोडून तिथं तार जोडलेली. तिला ‘डायपोल’ म्हणतात. तिच्या लहरी चहूकडे सारख्या पसरतात, पण टोकांच्या दिशेला, म्हणजे थेट वर आणि थेट खाली, काही जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला गरम मेदूवडे होते. नातीनं एक उचलला आणि म्हणाली, “मावशी, हा डायपोल.” खरोखरच! भोकातून दांडी आरपार गेली आहे असं समजा. वडा आडवा कापला की वरून वर्तुळ दिसतं. उभा कापला की दोन गोल शेजारी शेजारी, इंग्रजी आठाचा आकडा. म्हणून एका आकृतीवर अँटेना ओळखायचा नसतो; वरून एक आणि बाजूनं एक, अशा दोन लागतात. नातीचं एक उत्तर चुकलं होतं ते इथंच. वर्तुळ पाहून तिनं घाईनं लिहून टाकलं होतं, ‘सगळीकडे सारखा’. अगदी सगळीकडे, वरखालीसुद्धा, सारख्या लहरी पाठवणारा अँटेना फक्त पुस्तकात असतो.

(घरातल्या वायफायच्या डब्याच्या कांड्या खोलीकडे रोखून ठेवणाऱ्यांनी हा वडा जरूर आठवावा. कांडीचं टोक आपल्याकडे रोखलं, म्हणजे वड्याचं भोक आपल्याकडे केलं! एका मजल्यावरच्या घरात कांड्या सरळ उभ्या ठेवाव्यात.)

मग पाकळी कुठून येते? अँटेना काही नवी शक्ती निर्माण करत नाही. त्याला मिळालेल्या शक्तीची तो वाटणी करतो, इतकंच. एकीकडे जास्त दिलं तर दुसरीकडे कमी पडणारच. हे समजायला तंजावर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर एक छान जागा आहे. मल्लिपट्टिनमजवळ दुसऱ्या सरफोजीराजांनी एक बुरूजवजा इमारत बांधली. नेपोलियनचा पराभव झाला त्याच्या स्मरणार्थ! इंग्रजांच्या मांडलिक राजाला असले आनंद साजरे करावेच लागत असणार. त्या इमारतीचं नाव आजही ‘मनोरा’ आहे, आणि दीपगृह म्हणूनही ती वापरात होती असं सांगतात. दीपगृहात दिवा असतो तेवढाच, पण भिंगांनी आणि आरशांनी त्याचा प्रकाश आकाशात वाया न घालवता समुद्राकडे वळवलेला असतो. खलाशाला तो दिवा मोठा वाटतो. किनाऱ्यामागच्या गावात मात्र अंधार.

आजोबांच्या गच्चीवरचा अँटेना रेडिओलहरींचं हेच करत होता.

श्रीलंकेच्या दिशेनं

मद्रास दूरदर्शन सुरू झालं १५ ऑगस्ट १९७५ रोजी. पण तंजावरहून मद्रास सरळ रेषेतसुद्धा पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे. तिथल्या मनोऱ्याचा टीव्ही इथं कसा दिसणार? पुढं १५ फेब्रुवारी १९८२ रोजी श्रीलंकेत ‘रूपवाहिनी’ सुरू झाली. जपान सरकारच्या मदतीनं उभारलेलं हे केंद्र, आणि त्याचं मुख्य प्रक्षेपण पिदुरुतलागला या डोंगरावरून. श्रीलंकेतलं हे सर्वांत उंच शिखर, २,५२४ मीटर. त्या काळी तमिळनाडूच्या किनारपट्टीच्या जिल्ह्यांत घराघरांवर उंच नळ्या उभ्या राहिल्या, त्या या शेजाऱ्याच्या टीव्हीसाठी. पोटाला चिमटा घेऊन टीव्ही आणलेला, आणि आपल्या देशाचं चित्र दिसत नाही म्हणून परक्या देशाचं बघायचं!

“क्रिकेटसाठी आख्खी गल्ली आमच्याकडे असायची,” आजोबा सांगत होते. “टीव्हीपेक्षा काठीचीच चौकशी जास्त. किती फूट, किती दांड्या?”

हिशोब केला तर हे चित्र यायलाच नको. पिदुरुतलागलाच्या माथ्यावरून लहरींचं क्षितिज साधारण दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटरवर संपतं, आणि तंजावर तिथून साडेचारशे किलोमीटर. तरीही चित्र येई, त्याचं कारण समुद्र. समुद्रावर खाली दमट, गार हवा आणि वर कोरडी, उबदार हवा असा थर जमला की लहरी त्या थरात अडकतात आणि पन्हळीतून पाणी जावं तशा पृथ्वीच्या वळणाबरोबर वाकत दूर जातात. थर मोडला की चित्र गायब. एखाद्या दिवशी लख्ख, एखाद्या दिवशी नुसत्या मुंग्या, ही आजोबांची तक्रार अगदी शास्त्रशुद्ध होती.

अशा पाहुण्या लहरी पकडायला वडा कामाचा नाही. पाकळी हवी. ती देणारा अँटेना म्हणजे आपला तो मासळीच्या काट्यासारखा दिसणारा. नीट पाहिलंत तर त्यातल्या एकाच दांडीला तार जोडलेली असते. तिच्या मागं एक जराशी लांब दांडी, पुढं एकाहून एक आखूड अशा पाच, सात, दहा. या बाकीच्या दांड्या कशालाच जोडलेल्या नसतात. पण लहर आली की त्याही थरारतात आणि आपली लहर परत सोडतात. लांबी आणि अंतरं अशी बेतलेली असतात, की या सगळ्या लहरी पुढच्या बाजूला एकमेकींना साथ देतात आणि मागं एकमेकींना मारतात. पुढं मोठी पाकळी, मागं छोटी, बाजूंना चिमुकल्या. दांड्या वाढवत जा, पाकळी निमुळती आणि लांब होत जाते. आजोबांच्या अँटेनाला अकरा दांड्या होत्या. आता आठ उरल्या आहेत.

याचं नाव यागी-उडा अँटेना. जपानच्या तोहोकू विद्यापीठात १९२६ साली शिंतारो उडा आणि त्यांचे प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी तो जगापुढं मांडला. बरंचसं काम उडांचं. पण यागींनी इंग्रजीत लेख लिहिला आणि जगाच्या तोंडी यागींचंच नाव बसलं. जपानमध्ये मात्र त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. १९४२ साली जपानी सैन्यानं सिंगापूर घेतलं तेव्हा एका इंग्रज सैनिकाच्या रडारविषयीच्या टिपणांत ‘यागी’ हा शब्द पुन्हा पुन्हा सापडला. जपानी तंत्रज्ञांना अर्थ लागेना. शेवटी त्या कैद्यालाच विचारलं. तो चकितच झाला. म्हणाला, हे तर तुमच्याच प्राध्यापकाचं नाव! पिकतं तिथं विकत नाही, हे जपानातही खरं म्हणायचं.

पुढं १९८० च्या दशकातच कोडाईकनालच्या डोंगरावरून दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू झालं आणि तंजावरच्या गच्च्यांवरचे अँटेना आग्नेयेकडून पश्चिमेकडे वळले. “एका महिन्यात सगळ्या गावानं मान फिरवली,” आजोबा हसत म्हणाले.

भूत घालवायचं कसं?

आजोबांची एक युक्ती ऐकून नातीनं वहीत लिहून घेतली. तुम्हाला आठवत असेल, टीव्हीवर कधीकधी माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसे. त्याला सगळे ‘भूत’ म्हणत. एकच लहर सरळही येते आणि एखाद्या उंच इमारतीवरून किंवा डोंगरावरून आपटून, थोडी उशिरानं, पुन्हा येते, तेच हे भूत. अशा वेळी बहुतेकजण अँटेना आणखी काटेकोरपणे केंद्राकडे रोखत. आजोबा उलटं करत. ते केंद्राची फिकीर न करता अँटेना इतका फिरवत, की भूत ज्या दिशेनं येतं ती दिशा दोन पाकळ्यांच्या मधल्या खाचेत जाईल. केंद्राचा जोर थोडा कमी होई, पण मोठी पाकळी पुष्कळ रुंद असल्यामुळे तेवढं चालून जाई. भूत मात्र साफ.

“म्हणजे तुम्ही पाकळी नाही, खाच रोखत होता!” नात म्हणाली. तिच्या पुस्तकात खाचेला ‘नल’ म्हणतात. तिची उरलेली दोन उत्तरं या खाचांकडे न पाहिल्यामुळेच चुकली होती. पाकळी कुठं आहे एवढंच सगळे पाहतात. पण दोन पाकळ्यांच्या मध्ये किती खाचा, किती अंतरावर, यावरून किती दांड्या आणि किती लांबीचा अँटेना हे कळतं. तिच्या तीनही चुका मला समजल्या, तेव्हा मला स्वतःचंच कौतुक वाटलं. शाळेत माझं भौतिकशास्त्र काही सांगण्यासारखं नव्हतं.

पाकळीची जाडी सांगणारा एक ठोकताळा तिनं मला दिला. बशीच्या आकाराच्या अँटेनासाठी लहरीच्या लांबीला बशीच्या व्यासानं भागा आणि सत्तरनं गुणा. पाकळी किती अंश रुंद ते मिळतं. घरावरची साठ सेंटिमीटरची डिश, लहर अडीच सेंटिमीटर, म्हणजे पाकळी तीन अंशांहूनही बारीक. एक कावळा जोरात येऊन बसला आणि डिश तेवढी कलली, की मालिका बंद! तिकडे यागीची पाकळी मात्र पन्नास-साठ अंशांची असायची. तिला कावळ्यांची अख्खी सभा चालत असे.

हाच हिशोब मोठा करत गेलं की आपण उटीला पोचतो. तिथं १९७० साली डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली एक रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, पन्हळीच्या आकाराची. ती अशा डोंगरउतारावर बांधली, की उताराचा कोन आणि तिथला अक्षांश एकच, साधारण ११ अंश. त्यामुळे तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि एका आसाभोवती फिरवून आकाशातला एकच तारा तासन्‌तास धरता येऊ लागला. तिची पाकळी कशी असेल, हे एव्हाना तुम्हीही सांगाल. लांबी जास्त त्या बाजूनं अगदी पातळ, सुमारे एक दशांश अंश. रुंदी कमी त्या बाजूनं पसरट, सुमारे दोन अंश. पंख्याच्या पात्यासारखी. नुसती पाकळी दाखवली तरी जाणकार म्हणेल, अँटेना लांबट आहे.

आणि नारायणगावजवळचं खोडद तर आपल्या घरचंच. त्याच डॉ. स्वरूप यांनी तिथं प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस बशा उभारल्या. पुणे-नाशिक रस्त्यानं जाणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्या लांबून पाहिल्या असतील. एकवीस सेंटिमीटरच्या लहरीला तिथल्या एका बशीची पाकळी चंद्राच्या बिंबापेक्षाही लहान. तीच बशी दोन मीटरच्या लहरीला वापरली, तर पाकळी तीन अंशांची होते. म्हणजे पाकळी एकट्या अँटेनाची नसते. कुठल्या लहरीसाठी तो वापरला, तेही तीत असतं.

ओळखता येत नाही, तेव्हा

सहावी आकृती मात्र गमतीची निघाली. पुन्हा तोच मेदूवडा. नातीनं ‘डायपोल’ लिहिलं होतं आणि उत्तर बरोबर धरलं होतं. आजोबांनी कपाटातून जुना ट्रान्झिस्टर आणला, मीडियम वेव्हवर तिरुचिरापल्ली लावलं (हे आकाशवाणी केंद्र १९३९ पासूनचं) आणि ट्रान्झिस्टर टेबलावर सावकाश गोल फिरवला. एका जागी आवाज जवळजवळ बुडाला. आणखी फिरवला, परत आला. याच्या आत काळ्या दगडासारखी एक कांडी असते आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे. वेढ्यांच्या या छोट्या अँटेनाचा नकाशासुद्धा हुबेहूब मेदूवडाच असतो, आणि केंद्र कांडीच्या टोकाच्या दिशेला आलं की ते भोकात जातं. घरी ट्रान्झिस्टर असेल तर करून पाहा, पाच मिनिटांचं काम.

म्हणजे सरळ दांडी असो की छोटं वेटोळं, आकृती तीच. फरक असतो तो लहरीच्या थरथरीच्या दिशेत, उभी की आडवी, आणि ती या नकाशात दाखवलेलीच नसते. “मग खरं उत्तर ‘सांगता येत नाही’ असं होतं!” नात म्हणाली. गुण मिळालेलं उत्तर अपुरं ठरल्यानं तिला झालेला आनंद मी आधी कुठल्या विद्यार्थ्यात पाहिला नव्हता.

सुनेचा प्रश्न

इतका वेळ स्वयंपाकघरातून ऐकत असलेली सून कॉफीचे टंबलर घेऊन बाहेर आली. “हे सगळं ठीक आहे,” ती म्हणाली. “पण त्याचं काय?” आणि खिडकीतून समोर बोट दाखवलं.

रस्त्यापलीकडच्या चार मजली इमारतीवर मोबाइलचा टॉवर आहे. लहान मूल झाल्यापासून तिच्या मनात त्यानं घर केलं होतं. बाळाची खोली मागच्या बाजूला नेऊन झाली. आणि आता तर नवरा-बायकोनं दुसरा फ्लॅटच पाहिला होता, याच घराच्या मागच्या गल्लीत. नवी इमारत, सहावा मजला, हवा खेळती. टॉवरपासून दुप्पट लांब, म्हणून निवडलेला. विसार देऊन झाला होता.

तिची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. मोबाइल कानाला लावून फार बोलणाऱ्यांच्या पाहणीतले धागेदोरे त्यामागं होते, पण पुरावा मर्यादित आहे असंही तिनंच म्हटलं. आपल्या सरकारनं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागं ०.४५ वॅट. आणखी एक. आपल्या मराठीत अणुभट्टीचाही ‘किरणोत्सर्ग’ आणि टॉवरचाही ‘किरणोत्सर्ग’! टॉवरच्या लहरींत अणुरेणू फोडण्याइतकी ताकद नसते. एकाच शब्दानं किती घरांची झोप उडवली असेल, याचा आम्हा पत्रकारांनीही विचार करायला हवा.

पण नातीनं व्याख्यान दिलं नाही. तिनं दुधाच्या बिलाच्या पाठीवर पाकळी काढली.

टॉवरवर उभट खोक्यांसारखे जे दिसतात, ते अँटेना. साधारण तीन दिशांना तीन. वरून पाहिलं तर प्रत्येकाची पाकळी रुंद, साठ-पासष्ट अंशांची. बाजूनं पाहिलं तर अगदी चपटी, सहा-सात अंशांची, आणि किंचित खाली झुकवलेली. ती टॉवरच्या पायथ्याशी पडतच नाही. अँटेना पंचवीस मीटर उंचीवर आणि झुकाव पाच अंश धरला, तर पाकळीचा मधला भाग जमिनीला टेकतो सुमारे २८५ मीटरवर. तिथं पोचेपर्यंत ती इतकी विरळ होते, की वीस वॅटचा एक प्रक्षेपक आणि पाकळीत पन्नास पट एकवटलेली शक्ती धरूनही चौरस मीटरला जेमतेम एक मिलिवॅट उरतं. मर्यादेच्या चारशेव्या भागाहूनही कमी.

“आणि आपलं घर?” सुनेनं विचारलं.

“आपलं घर तीस मीटरवर, दुमजली. पाकळी आपल्या डोक्यावरून जाते. आपण खाली, छोट्या पाकळ्यांच्या उजेडात.”

मग ती थांबली. मलाही एकदम लक्षात आलं. आजोबांना आधीच आलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत.

मागच्या गल्लीतला तो फ्लॅट टॉवरपासून साठ मीटरवर. तेवढ्या अंतरात पाच अंशांनी झुकलेली पाकळी खाली येते सव्वापाच मीटर. पंचवीसातून सव्वापाच गेले, उरले वीस मीटरच्या जवळपास. सहाव्या मजल्याची खिडकी साधारण तिथंच असते.

नातीनं हिशोब दोनदा तपासला. त्याच एका प्रक्षेपकाचे तिथं चौरस मीटरला बावीस मिलिवॅट. मर्यादेच्या वीस पट खालीच, हे खरं. पण एका टॉवरवर प्रक्षेपक एकच नसतो, कधी दोन-तीन कंपन्यांचेही असतात. आणि मुख्य म्हणजे, ज्याच्यापासून दूर जायचं म्हणून विसार दिला, त्याच्या बरोबर पाकळीत जाऊन बसायचं!

“हे सगळं धरलेले आकडे आहेत अम्मा,” ती घाईनं म्हणाली. “झुकाव किती, तोंड कुठं, शक्ती किती, हे आपल्याला ठाऊक नाही. खोलीत उपकरण लावून मोजून घ्यावं लागेल. मोजणी मागता येते.” दूरसंचार खात्यानं २०१७ साली ‘तरंग संचार’ नावाची सोय सुरू केली, ती अशाच कामासाठी. कुठल्या टॉवरनं नियम पाळले आहेत ते पाहणं आणि पैसे भरून मोजणी मागवणं, या दोन्ही गोष्टी तिच्यात होत्या.

सून थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं एकच विचारलं, “खोक्यांची तोंडं कुठं आहेत ते इथून दिसेल का?”

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. उन्हं उतरली होती. एका कोपऱ्यात आजोबांचा अँटेना अजून कोडाईकनालकडे तोंड करून उभा होता. दूरदर्शनचं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंदच झालं, तेव्हा तो नुसताच उभा. समोरच्या टॉवरवरची तीन खोकी स्पष्ट दिसत होती. एक देवळाच्या दिशेला, एक बसस्टँडकडे. तिसऱ्याचं तोंड आमच्यावरून मागच्या गल्लीकडे.

हात लांब करून तीन बोटं जोडून धरली की साधारण पाच अंश होतात, असं नातीनं सांगितलं. सुनेनं पदर खोचला, एक डोळा मिटला आणि समोरच्या खोक्याच्या उंचीवरून तीन बोटं खाली मोजली. मग सावकाश मागं वळून ती नव्या इमारतीचे मजले खालून मोजायला लागली. एक, दोन, तीन...

आजोबा काठीला टेकून उभे होते. “थोडं डावीकडं,” ते म्हणाले.